लॅम्बर्ट खडकाचा आवाज

केर्न्स शहराला समुद्र आहे, पण पुळण नाही. किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर चिखल, चिखलात चोची खुपसणारे पाणपक्षी आणि पार लांब सरकलेलं ओहोटीचं पाणी. मागे वळलं की घरांच्या पाठीलाच हिरवेगार डोंगर, ढगांत डोकी घालून बसलेले. २००८ साली मी पहिल्यांदा इथे आलो तेव्हा मला हे फार चमत्कारिक वाटलं होतं. मालवणच्या माणसाला पुळणीशिवाय समुद्र म्हणजे मिठाशिवाय पेज.

आता अडतीस वर्षांनी पुन्हा आलो, तेव्हा किनाऱ्यालगत छातीइतकी उंच भिंत उभी राहिली होती. समुद्र वर चढतोय म्हणून. भिंतीवर जागोजागी पायऱ्या होत्या आणि सगळं शहर संध्याकाळी त्या पायऱ्यांवर येऊन बसायचं. वटवाघळं मात्र तीच. सूर्य टेकला की झाडांतून हजारोंनी उठायची आणि जंगलाकडे निघायची. ती बघताना मला एकदम चाळीस वर्षांचा झाल्यासारखं वाटलं. गुडघ्यांनी लगेच खरं काय ते सांगितलं.

"सर आजोबा, तुम्ही खरंच कॅसेटवाले आहात?" शेजारी बसलेल्या रेवाने विचारलं.

रेवा नऊ वर्षांची. तिची आई, डॉ. दर्शना कोयंडे, माझी विद्यार्थिनी. मालवणच्या शाळेत सातवीला माझ्या वर्गात होती. होडीवाल्या बाबी कोयंड्याची मुलगी. आता ती इथल्या प्रवाळ संशोधन केंद्रात एका मोठ्या प्रकल्पाची प्रमुख होती आणि तिनेच मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं.

"हो, मीच तो," मी म्हणालो. "पण कॅसेट म्हणजे काय, माहीत आहे का तुला?"

"आईने दाखवली. डबीत चपटी पट्टी असते. त्या पट्टीने मासे येतात."

"पट्टीने कसे येतील? पट्टी काय गरी आहे?"

ती हसली. मग मी तिला सांगायला लागलो. शिकवायची खोड जात नाही.

माशाचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा तांदळाच्या कणीएवढंही नसतं. प्रवाह त्याला दूर समुद्रात घेऊन जातो. तिथे काही आठवडे वाढल्यावर त्याला घर शोधावं लागतं, आणि समुद्रात पाट्या नसतात. मग ते ऐकतं. जिवंत प्रवाळ खडक कधी गप्प नसतो. त्याच्या फटींत एक कोळंबी असते, ती आपली नांगी इतक्या झटक्याने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो आणि टच्च असा आवाज होतो. अशा हजारो कोळंब्या एकदम. त्यात मासे घुरघुरतात, दात घासतात, एकमेकांवर गुरकावतात. खडक मेला की हे सगळं थांबतं. पिल्लांना वाटतं, इथे कुणी राहत नाही. ती पुढे जातात. मासे आले नाहीत की शेवाळ वाढतं, आणि शेवाळ वाढलं की प्रवाळाचं नवं बीज खडकावर टेकत नाही. गाव उठलं की उठलंच.

"मग आईने भोंगा लावला," रेवा म्हणाली.

"बरोबर. पाण्याखाली भोंगा लावला आणि मेलेल्या खडकावर जिवंत खडकाचा आवाज वाजवला. पिल्लं फसली आणि राहिली."

"फसवणं वाईट ना?"

"घर मिळालं त्यांना. पण प्रश्न चांगला आहे."

दर्शना आमच्यामागे उभी होती. "सर, हिला उत्तरं देऊ नका," ती म्हणाली. "रात्री माझं डोकं खाते ही."

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, ती मला केंद्रात घेऊन गेली. तिथे भिंतभर पडद्यावर तिने मला लॅम्बर्ट खडक दाखवला. शहरापासून बोटीने दीड तासावरचा हा लहानसा खडक. २००८ साली मी गेलो तेव्हा तो माणसांनी गजबजलेल्या बाजारपेठेसारखा होता. विज्ञान शिक्षकांच्या देवाणघेवाण योजनेतून मी तीन आठवडे इथे होतो. शाळेच्या टेपरेकॉर्डरचा माइक फुग्यात घालून, तोंड सायकलच्या ट्यूबने आवळून मी पाण्यात सोडला होता आणि चाळीस मिनिटांची कॅसेट भरून मालवणला नेली होती. पुढे पाणी तापत गेलं. २०३१ पर्यंत लॅम्बर्ट हाडासारखा पांढरा पडला होता. त्याचा आवाज कुणीच जपला नव्हता, माझ्या कॅसेटशिवाय. दर्शनाला ती वर्गात ऐकल्याचं आठवत होतं. तिने मागितली, मी पाठवली.

"तीन मेलेले खडक घेतले, सर," ती सांगत होती. "एकावर काहीच वाजवलं नाही. दुसऱ्यावर भलत्याच खडकाचा आवाज, आमच्या केंद्राने अलीकडे टिपलेला. आणि लॅम्बर्टवर लॅम्बर्टचा स्वतःचा, तुमच्या कॅसेटचा. चार वर्षांत लॅम्बर्टवर दुसऱ्यापेक्षा अडीचपट मासे आले. म्हणजे काय, सांगा."

ती मला प्रश्न विचारत होती. मला मजा वाटली. "पिल्लांना आपल्या घराचा आवाज ओळखता येतो," मी म्हणालो.

"शंभर गुण."

शुक्रवारी समितीची सभा होती. या सिद्धांतावर तीनशे खडकांची यादी मंजूर व्हायची होती. ज्या खडकांचा जुना आवाज कुठेतरी जपलेला आहे, तेवढेच यादीत. ज्यांचा नाही त्यांच्यावर वर्षं खर्च करण्यात अर्थ नव्हता. जगभरातली नावं होती. मी सहज खाली खाली वाचत गेलो.

"मालवण दिसत नाही."

दर्शनाने पडद्यावरून नजर काढली. "मालवणचा जुना आवाज नाही ना, सर. किल्ल्यामागचा सगळा पट्टा गेलाय. यादी मीच केली. ते नाव मीच काढलं."

मग ती म्हणाली, "चला, तुमचं काम दाखवते." सभेत सुरुवातीला त्यांना मूळ कॅसेटचं एखादं मिनिट ऐकवायचं होतं, खरखरीसकट. प्रयोगासाठी वापरलेल्या आवाजातून यंत्राने माणसांचे सगळे आवाज, इंजिन, धक्के वगैरे काढून टाकले होते. दर्शनाने आजवर तोच साफ केलेला आवाज ऐकला होता. मूळ फाइल चार वर्षं तशीच पडून होती. "चांगला तुकडा तुम्हीच निवडा," म्हणाली आणि मला हेडफोन देऊन तिच्या बैठकीला गेली.

मी डोळे मिटून बसलो. टेपची खरखर. माशांची घुरघुर. मला ती जुनी दुपार आठवत होती, काचेच्या तळाची बोट, तिथल्या नावाड्याची लाल टोपी. अकराव्या मिनिटाला ठोके आले.

टक्. टक्-टक्. थोडं थांबून टक्. मग एक लांब, जरासा घसरलेला.

मी डोळे उघडले. पुन्हा मागे जाऊन ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं.

आमच्याकडे होडीवाले जाळं टाकून झालं की होडीच्या फळीवर काठीने ठोकतात. आवाजाने मासे बिथरून जाळ्यात शिरतात. सगळेच ठोकतात, पण बाबी कोयंडे हिवाळ्यात दशावताराच्या कंपनीत मृदंग वाजवायचा. त्याला सरळ ठोकताच यायचं नाही. शेवटचा ठोका तो असा घसरवायचा, राजा रंगमंचावर आल्यासारखा. आम्ही त्याला चिडवायचो, बाबी, जाळ्यात मासे येतायत की नाटकातला संकासुर?

लॅम्बर्टवर कुणी काही ठोकलं नव्हतं. हा आवाज मालवणचा होता.

मग हळूहळू सगळं आठवलं. परत आल्यावर मला आपल्या समुद्राचाही आवाज टिपायचा होता, वर्गात तुलना दाखवायला. डिसेंबर २००९. बाजारात कोऱ्या कॅसेटी मिळेनाशा झाल्या होत्या. पुसू नये म्हणून कॅसेटचा कोपऱ्यातला कान तोडून टाकायचा, हे मुलांना मीच शिकवलेलं. मी लॅम्बर्टच्या कॅसेटचे दोन्ही कान तोडलेही होते. मग मागची बाजू कोरी आहे, कशाला वाया घालवा, म्हणून एका कानाच्या जागी सेलोटेप लावला आणि बाबीच्या होडीत बसून किल्ल्यामागे गेलो. सेलोटेप चुकीच्या कानाला लावला होता. मागची बाजू समजून मी पुढचीच भरली. त्याच महिन्यात टेपरेकॉर्डर बिघडला. कॅसेट कपाटात गेली ती तीसहून जास्त वर्षं.

लॅम्बर्टचा खरा आवाज जगात कुठेच उरला नव्हता. तो मी पुसला होता.

दर्शना परत आली तेव्हा मी म्हणालो, "उद्या निवडतो. आज कान थकले."

गुरुवारी तिने मला आणि रेवाला डोंगरावरच्या जंगलात पाठवलं. झाडांच्या शेंड्यांवरून रोपवेचा पाळणा जातो, त्यातून. खाली ताडाएवढे नेचे, फांद्यांना लोंबणाऱ्या वेली, आणि कुठूनतरी पिकल्या फणसासारखा वास. इतका घरचा वास की मी दोनदा वाकून बघितलं. वर उतरून आम्ही एका मोठ्या झाडाखाली बसलो. एका वेलीने त्या झाडाला असं काही कवटाळलं होतं की आतलं मूळ झाड कधीच मरून पोकळ झालं होतं.

माझं लक्ष कशातच नव्हतं. गप्प बसलो तर काय होईल, हा हिशेब मी रात्रभर केला होता. दर्शनाचं नाव होईल. लॅम्बर्टवर मासे आहेतच, ते कुठे जाणार? बोललो तर तिचा सिद्धांत मोडेल, तोही सगळ्यांसमोर, आणि कारण मी असेन. पण सिद्धांत खोटा असेल तर ती यादी खोटी आहे. आवाज जपला नाही म्हणून जे खडक सोडून दिले, ते सगळे विनाकारण सोडले जातील. त्यात आमचाही एक.

"आई सांगते, तुम्ही फळ्यावर मुद्दाम चुका करायचात," रेवा म्हणाली. "जो पकडेल त्याला खडू द्यायचात आणि स्वतः बाकावर जाऊन बसायचात."

"हो. तुझ्या आईने सगळ्यांत जास्त वेळा पकडलं मला."

"सगळ्या चुका मुद्दाम होत्या?"

"अर्ध्या असतील."

"आणि उरलेल्या?"

"उरलेल्या खऱ्याच."

"मग तुम्ही त्यांना काय सांगायचात? मुद्दाम केली म्हणून?"

मी तिच्याकडे बघितलं. ती एका मुंगीला पानावर चढवत होती, तिला माझ्या उत्तराची फारशी घाई नव्हती.

"कधीकधी," मी म्हणालो. "कधीकधी तसंच सांगायचो."

संध्याकाळी दर्शना स्वयंपाकघरात तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. रेवा शेजारी खेळायला गेली होती. मी खुर्ची ओढून बसलो आणि तिला सगळं सांगितलं. कान, सेलोटेप, बाबीची होडी. ती थापत राहिली. मी बोलायचं थांबलो तेव्हा तव्यावरची भाकरी करपली होती. तिने गॅस बंद केला.

"तुम्हाला खात्री आहे?"

"ठोके ऐक. मग तूच सांग."

तिने फाइल लावली. अकरावं मिनिट. पहिल्या ठोक्याला तिचा चेहरा तसाच होता. शेवटचा घसरला तेव्हा तिने पीठ लागलेला हात तसाच टेबलावर टेकला. पुन्हा लावली. तिसऱ्या वेळी तिच्या बोटांनी तो ठोका आधीच वाजवला.

"बाबांचोच हात हो," ती म्हणाली. चौतीस वर्षांत मी तिच्या तोंडून मालवणी ऐकलं नव्हतं. बाबी गेला तेव्हा ती इथेच होती, वादळाने विमानं बंद होती, ती पोचली नव्हती. "चार वर्सां माका ठाऊक नाय. आणि यंत्रान ते काढून टाकल्यान, कचरो म्हणून."

"दर्शना, चूक माझी आहे. सभेत मी उभा राहतो आणि—"

"तुम्ही गप्प ऱ्हवा, सर." ती उठून खिडकीशी गेली. परत बोलली तेव्हा आवाज प्रमुखाचा होता. "दुसऱ्या खडकावर आम्ही काय वाजवलं? २०३८ चं रेकॉर्डिंग. जिवंत खडक म्हणायचा, पण निम्मा गळून गेलेला. तुमचं २००९ चं. तेव्हा मालवणचा पट्टा कसा होता?"

"भरलेला. वर्ग सुटल्यावर पोरं ओरडावीत तसा."

"म्हणजे पिल्लांनी घर ओळखलंच नाही. त्यांनी भरलेलं घर ओळखलं. कुठलंही." तिने हातावरचं पीठ झटकलं. "हा तक्ता मी दहा वेळा बघितला असेन. ही शक्यता माझ्या डोक्यात आली नाही, कारण मला पहिलं उत्तर आवडलं होतं. इथे राहून माणसाला आवडतंच ते, घराचा आवाज वगैरे." ती माझ्याकडे वळली. "तुम्ही काल दुपारीच ओळखलंत ना? मग आज संध्याकाळपर्यंत का थांबलात?"

"घाबरलो."

"मला?"

"तुलाच."

ती पहिल्यांदा हसली, पण डोळे पुसत. "बरां झाला. म्हणजे मी अजून खरीच तुमची विद्यार्थिनी."

शुक्रवारी सभेत तिने कॅसेटचा तुकडा लावला नाही. उभी राहिली आणि पहिल्याच वाक्यात म्हणाली की आपला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि का ते सांगते. कानातल्या दुभाषी यंत्रातून मी ऐकत होतो. समितीच्या अध्यक्ष ॲग्नेसबाई, या किनाऱ्याच्या मूळ रहिवाशांपैकी, माझ्याच वयाच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे चार वर्षं आमचे मासे तुमच्या गावची बडबड ऐकत होते," त्या म्हणाल्या.

"हो, बाई," दर्शना म्हणाली.

"आणि राहिले."

"राहिले. पण भोंगा बंद केल्यावर राहतील का, हे मला माहीत नाही. आम्ही तो एकही संध्याकाळ बंद ठेवलेला नाही."

"मग बंद करा," ॲग्नेसबाई म्हणाल्या. "उद्याच. तो खडक स्वतः काही बोलतो का, ते ऐका. बोलला तर सगळ्यांना यादीत घेऊ, आवाज असलेले, नसलेले. नाही बोलला, तर हे सगळं खेळणं होतं असं समजू."

प्रकल्पाचं प्रमुखपद निर्णय होईपर्यंत दुसऱ्याकडे गेलं. दर्शनाने मान हलवली आणि कागद गोळा केले. बाहेर येताना तिच्या सहकाऱ्यांपैकी कुणी माझ्याशी बोललं नाही. मीही अपेक्षा केली नव्हती.

शनिवारी दुपारी आम्ही बोटीने निघालो. दर्शना, रेवा, मी आणि समितीचा एक माणूस, नोंद करायला. पाणी तसंच होतं, माझ्या आठवणीतल्यासारखं, इतकं निळं की त्याला रंग म्हणावासा वाटू नये. लॅम्बर्टवर पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. खाली खडकावर पांढऱ्यात मधेमधे तपकिरी, जांभळे ठिपके दिसत होते. २००८ चा बाजार नव्हता. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी सकाळी पहिली चार दुकानं लागावीत, तेवढं.

दर्शनाने आम्हाला आधीच समजावलं होतं. दिवसा खडक जवळजवळ झोपलेला असतो. खरा आवाज सूर्य बुडताना वाढतो, आणि पिल्लं त्याच वेळी येतात. म्हणूनच भोंगा रोज संध्याकाळी आपोआप सुरू व्हायचा, आणि त्याच्या आवाजाखाली खडकाचा स्वतःचा आवाज आहे की नाही, हे आजवर कुणालाच कळलं नव्हतं.

सहा वाजून दहा मिनिटांनी भोंगा सुरू व्हायची वेळ झाली. दर्शनाने कळ खाली केलेली ठेवली. चार वर्षांत पहिल्यांदाच मालवणचा समुद्र तिथे वाजला नाही. तिने पाण्यात माइक सोडला आणि चौघांनी हेडफोन लावले.

मला काहीच ऐकू आलं नाही.

पाण्याची हलकी गुणगुण, बोटीच्या तळाला लाट लागल्याची थाप. बाकी शून्य. मी हेडफोन कानांवर दाबून धरले. एक मिनिट गेलं. दोन गेली. मला वाटलं, झालं, मी हाही खडक घालवला. मग माझ्या लक्षात आलं की माझ्या वयाला बारीक, टोकदार आवाज ऐकू येत नाहीत. बुधवारी केंद्रातही मला ठोके आणि घुरघुर ऐकू आली होती, कोळंब्यांची तडतड नाही. मी दर्शनाकडे बघितलं. ती डोळे मिटून, तोंडावर हात धरून बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना.

"येतंय का काही?" मी विचारलं.

समितीचा माणूस वाकून भराभर काहीतरी टिपत होता.

रेवाने माझ्याकडे बघितलं. तिला बहुधा समजलं. तिने माझा हात ओढून मांडीवर घेतला, मूठ उघडली आणि तळव्यावर एका बोटाने ठोके द्यायला सुरुवात केली. एक. बऱ्याच वेळाने दुसरा. मग दोन लागोपाठ. सूर्य दूरच्या डोंगरांना टेकला तशी ती जलद होत गेली, मग तिला एक बोट पुरेना, तिने दुसरं लावलं, मग तिसरं.

"बोट दुखलं तर थांब हो," मी म्हणालो.

"थांबता नाही येत," ती म्हणाली. "ते थांबत नाहीयेत."